गोदाच्या कागदावरची दारू

गोदा आमच्या आश्रमशाळेत भाकऱ्या भाजायची. वांगणीची, वय सेहेचाळीस, अंगाने काटकुळी, तोंडाने फटकळ. आमटीत पाणी वाढव म्हणणाऱ्या अधीक्षकाला तिने एकदा पळी उगारली होती. मी तिथेच शिक्षिका.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चुलीपुढेच ती रक्त ओकली. तांब्याभर. जीपने जव्हारला नेलं, तिथून नाशिकला. तोंडातून नळी घालून डॉक्टरांनी पाहिलं, तर अन्ननलिकेतल्या शिरा द्राक्षांसारख्या फुगलेल्या आणि एक फुटलेली. त्यांनी त्या शिरांना रबरी कड्या बांधल्या, रक्त थांबलं. यकृत निबर झालंय, रक्ताला त्यातून पुढे जायला वाट नाही, म्हणून मागे दाब वाढून शिरा फुगतात, असं त्यांनी मला समजावलं.

रुग्णालयाच्या कागदावर मात्र पहिल्याच ओळीत लिहिलेलं: 'दारूचे व्यसन.' तिला कुणी विचारलंच नव्हतं. पाड्यावरची बाई, यकृत गेलेलं, मग विचारायचं कशाला? पण गोदा शाळेतल्या पोरांबरोबर वाचायला शिकली होती. तिने कागद वाचला आणि सलाइनसकट उठून बसली.

"मी थेंब घेतला नाय कधी," ती म्हणाली. "लिवलं कोणी ह्ये?"

लिहिणारा ड्युटी संपवून गेला होता. तिने एवढा दंगा केला, की रक्त पुन्हा तपासावं लागलं. निघाली ती जुनी, ब प्रकारची कावीळ. वर्षानुवर्षं आत राहून यकृत पोखरत होती. या काविळीवर रोजची गोळी असते. गोदा गप्प बसली असती तर ती गोळी तिला मिळालीच नसती. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मग मोठ्या डॉक्टरांनी तिच्या भावाला, सुदर्शनला, बाहेर नेलं. तपासण्यांवरून एक आकडा निघतो म्हणाले, हिच्यासारखा आकडा असलेल्या शंभरातली वीसेक माणसं तीन महिन्यांत जातात. सुदर्शन डोळे पुसत आत आला. गोदाने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

"मरायची मी, आन् आकडा याला सांगता?"

डॉक्टर ओशाळले. स्टूल ओढून बसले. ऐंशी जगतात, म्हणाले, आणि उपचाराने आकडा उतरतोही. शिरा बसेपर्यंत दर तीन आठवड्यांनी कड्या बांधायला यायचं, दाब कमी करायची गोळी चुकवायची नाही.

आमच्याकडच्या दवाखान्यात ती गोळी सारखी संपायची. उद्या या, असं सांगितलं की गोदा दारातच बसायची. शीर उद्यापर्यंत थांबेल का, असं विचारायची. गोळी यायची. वर्षभरात आकडा निम्म्यावर आला आणि ती पुन्हा चुलीपुढे उभी राहिली.

गेल्या दिवाळीच्या सुमारास तिच्या शेजारी राहणारा काळ्या नावाचा माणूस रक्त ओकला. तो मोहाची दारू प्यायचा, साऱ्या पाड्याला ठाऊक. दवाखान्यातला माणूस गाडी बोलवायलाच तयार नव्हता. पितो, मग होणारच, म्हणाला. गोदाने नंतर मला कबूल केलं, क्षणभर तिलाही तसंच वाटलं होतं. त्याची तिला लाज वाटली, आणि लाजेपोटी ती आणखी भडकली.

"पेतो म्हणून त्याचं रक्त रक्त नाय का?" ती त्या माणसाला म्हणाली.

गाडी आली, पण दोन तासांनी. नाशिकच्या वाटेवर, मोखाड्याच्या पुढे घाटातच काळ्या गेला. त्याची बायको फागी त्याचं डोकं मांडीवर घेऊन परत आली.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी गोदाने पाड्यातले पोट फुगलेले तिघे जण जीपमध्ये बसवले; पोट फुगणं हीही यकृत बिघडल्याचीच खूण. तिघेही पिणारे. नाशिकला दोघांच्या शिरा फुगलेल्या निघाल्या, पण अजून फुटलेल्या नव्हत्या. त्या शिरा वेळेवर बांधल्या गेल्या. तिसरा मोखाड्यालाच जीपमधून उतरून पळाला होता. गोदा त्याच्यावर अजून चिडलेली आहे, आणि दर सोमवारी त्याच्या दारात जाऊन त्याला शिव्या घालते.