दाराशी बसणारी विद्यार्थिनी

मैत्रिणींनो, आज सावंगीला डोळे तपासायला गेले होते. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे हातातला सूचनांचा कागद काही दिसेना. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी तो घेतला आणि खडाखडा वाचून दाखवला!

"वळखलं नाई का, बाई? मी कमलची माय!"

त्र्याऐंशी साली नाचणगावला मी घरी वाचनाची शिकवणी काढली, तेव्हा लोक हसले. महिनाभर एकटी कमलच आली. शाळेची पायरीही न चढलेली तिची आई दाराशी डाळ निवडत बसायची. मी शिकवणी बंदच करणार होते. त्याच दिवशी फळ्यावरच्या एका शब्दाला कमल अडली आणि तो दारातून तिच्या आईनं वाचला!

मग मी थांबलेच नाही. पण माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी हजेरीत कधी नव्हतीच. तुमच्या दाराशी कोण बसलंय, पाहिलंत का?