बरा होऊन घरी गेला

आमची नर्सिंगची शाळा पांढरकवड्याबाहेर, हायवेला लागून, कापूस पिंजण्याच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये भरायची. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगच्या फाटकावर गाड्या लागेनाशा झाल्या, तेव्हा मालकांनी शिक्षणसंस्था काढली. त्या वर्षांत आमच्याकडे ज्याचं दुसरं काही चालेना, तो शाळा काढत असे. मालकांचे अध्यक्षसाहेब झाले, यंत्रं भंगारात गेली आणि शेडमध्ये फळा लागला. पत्र्याखालच्या लोखंडात अडकलेला जुना कापूस वारा सुटला की खाली यायचा. मी नाडी मोजायला शिकवत असे आणि मुलींच्या वेण्यांवर कापसाचे पुंजके बसत. मुली ते एकमेकींचे काढून द्यायच्या.

मी तिथली ट्यूटर. सरकारी दवाखान्यात काही वर्षं काढून, लग्नानंतर बदलीच्या कटकटीला कंटाळून इथं आलेली. माहेर यवतमाळचं, नोकरदारांचं. वडील कोषागारात, काका तहसीलमध्ये. आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान रबरी शिक्क्याला. ज्या कागदावर गोल शिक्का आहे तो खरा, हे मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. पुढे जे झालं त्यात या शिकवणीचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. पण ती सबब म्हणून सांगत नाही.

कोर्स दोन वर्षांचा, सहायक परिचारिकेचा. पहिल्या तुकडीत तीस मुली घेतल्या त्या तात्पुरत्या परवानगीवर. दुसऱ्या वर्षी समिती येणार, तपासणी होणार, पूर्ण मान्यता मिळाली तरच मुलींना शेवटच्या परीक्षेला बसता येणार. मिळाली नाही तर दोन वर्षं पाण्यात. ही अट प्रवेशाच्या वेळी कोणत्याही बापाला कोणी समजावून सांगितली नव्हती. मीही नाही. विचारलं तर मी म्हणत असे, "येतेच आहे मान्यता." जशी काही एसटीच येत होती.

या तीस जणींत ती होती. वय सत्तावीस, सगळ्यांत थोरली. प्रवेशाच्या फॉर्मवर एका रकान्यात 'विधवा' लिहिलेलं, खाली शाळेचा शिक्का, लहान मुलगी आईकडे ठेवलेली. उपकेंद्रातल्या नोकरीसाठी वयाची मर्यादा होती आणि ती मर्यादेच्या अगदी काठावर आलेली. ही परीक्षा गेली असती तर दुसरा कोर्स करायला तिच्याकडे वर्षंच उरली नव्हती. ती शेवटच्या बाकावर बसायची आणि जरूर पडल्याशिवाय बोलायची नाही.

एकदा मी विषबाधा शिकवत होते. कापसावर फवारणीचे दिवस. तालुक्याच्या दवाखान्यात रोज पेशंट येत होते. मी सांगत होते, फवारणीचं विष कातडीतून आत जातं. पेशंट थंड पडला, कापतोय, म्हणून अंगावर पांघरूण घालू नका. आधी अंगावरचे कपडे काढा. साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा, केस, नखं, सगळं. ती उभी राहिली.

"मॅडम, शर्ट काढाले पाह्यजे होता काय?"

"हो."

"लगेच?"

"लगेच. दवाखान्यात आणायच्या आधी."

ती खाली बसली आणि वहीत लिहायला लागली. मी पुढचा मुद्दा घेतला. तास संपल्यावर तिच्या गावाजवळच्या एका मुलीनं मला सांगितलं की तिचा नवरा असाच गेला. दिवसभर फवारणी केली, पाठीवरचा पंप गळत होता. घरी आला तो घामानं थबथबलेला, थंडगार, तोंडातून लाळ. तिला वाटलं ऊन लागलं. तिनं त्याला त्याच ओल्या शर्टावर गोधडीत गुंडाळलं आणि जीप मिळेपर्यंत घट्ट धरून बसली. मला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. तिनं मात्र तो धडा असा पाठ केला की पुस्तकात चुकलं असतं तर तिनं दाखवून दिलं असतं.

तपासणीची तारीख आली आणि आमची पळापळ सुरू झाली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा दुसऱ्यांच्या आडातून आणायचं, ही आमच्याकडची रीतच होती. आज तुमची तपासणी, उद्या आमची. खुर्च्या मंडपवाल्याकडच्या. पुस्तकं एका कॉलेजची. प्रात्यक्षिकाची माणसाएवढी बाहुली उमरखेडहून जीपमध्ये मागच्या सीटवर आडवी निजवून, चादर घालून आणली. वाटेत चहाला जीप थांबली तर दोन म्हाताऱ्यांनी चादरीतून बाहेर आलेले पाय पाहून हात जोडले. आम्ही त्यावर दोन दिवस हसलो.

हसण्यासारखं नव्हतं ते केसबुक. प्रत्येक मुलीनं दवाखान्यात पाहिलेल्या केसेस तारीखवार लिहायच्या, इतकी बाळंतपणं, इतक्या जखमा, इतक्या विषबाधा, आणि खाली ट्यूटरची सही. दवाखान्याशी आमचा करार होता, पण कागदावर. मुली आठवड्यातून एकदा जायच्या आणि भिंतीला लागून उभ्या राहायच्या. तिथल्या सिस्टर म्हणायच्या, "तुमच्या पोरी सांभाळू का पेशंट?" त्यांचंही चूक नव्हतं. एका खाटेवर दोघं दोघं होते. केसबुकं कोरीच राहिली.

आमचे ऑफिसातले बाबू शहरातल्या एका मुसलमान घरातले, भाऊ सगळे मेकॅनिक, हे एकटेच कागदात शिरलेले. बिघडलेलं काहीही चालू करून दाखवणं त्यांच्या रक्तात होतं. ते म्हणाले, "मॅडम, मनानं नावं टाकू नका. सीता, गीता, गंगा, नकली नाव लगेच पकडल्या जाते. नाव असली पाह्यजे, गाव असलं पाह्यजे." आणि त्यांनी मतदारयाद्या काढल्या. कुठल्या तरी पक्षाच्या कार्यकर्त्याकडून निवडणुकीनंतर आणलेल्या, तालुक्यातल्या पाचसहा गावांच्या. कात्रीनं पट्ट्या कापल्या आणि बाकाबाकावर वाटल्या. एका पट्टीतली नावं एका मुलीची. बाईचं नाव आलं की बाळंतपण, पुरुषाचं आलं की जखम किंवा विषबाधा. शेवटच्या रकान्यात सगळ्यांना एकच, 'बरा होऊन घरी गेला'. मतदारयादीतून मेलेल्याचं नाव वर्षानुवर्षं निघत नाही, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. दरवर्षी ज्या यादीत आपणच आपल्या मेलेल्या आजीचं नाव पाहून हसतो, तीच यादी.

पहिल्याच वर्षी पहिल्याच तासाला मी शिकवलं होतं, जे केलं नाही ते लिहायचं नाही. त्या दुपारी तिनंच मला आठवण करून दिली. "मॅडम, तुमीच सांगतलं होतं ना?"

"परीक्षेला बसायचंय ना तुला? मग लिही," मी खेकसले.

तिनं लिहिलं. संध्याकाळपर्यंत मी तीस वह्यांवर सह्या केल्या, शाळेचा शिक्का मारला. माझा हात कोणी धरला नव्हता.

समितीत तिघं होते. दोन साहेब खोल्यांची लांबीरुंदी मोजत आणि संडास बघत फिरले. तिसऱ्या एक निवृत्त मेट्रन, पांढरी साडी, कमरेला चष्म्याची पेटी. त्यांना कागदात रस नव्हता, मुलींमध्ये होता. त्यांनी ढिगातून एक वही उचलली, मधेच उघडली आणि विचारलं, "ही विषबाधेची केस कोण सांगेल?"

वही दुसऱ्या मुलीची होती, आणि ती मुलगी भीतीनं पांढरी पडली होती. मी घाईनं म्हटलं, "केसच्या वेळी सगळ्याच हजर होत्या, मॅडम." आणि मीच तिच्याकडे बोट दाखवलं. हा धडा तिच्याइतका कोणालाच येत नव्हता.

ती पुढे आली. मेट्रनबाईंनी वही तिच्या हातात दिली. "आधी पेशंटचं नाव सांग."

तिनं वहीत पाहिलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"नाव वाच, बेटा. वाचता येत नाही का?"

रोज सकाळी हजेरी घेताना मी तिचं पूर्ण नाव वाचत असे. तिचं, मधे नवऱ्याचं, मग आडनाव. ती 'हजर' म्हणे. मधलं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. खेड्यातली बाई लग्नात उखाण्यात नवऱ्याचं नाव घेते, तेवढंच. पुढे कोणी विचारलं तर शेजारणीकडून सांगते. आता मधे शेजारीण नव्हती. तिनं तेच मधलं नाव वाचलं. आडनाव वाचलं. गाव वाचलं. तीस मुलींच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या, आणि त्या माना पाहून मला कळलं की बाबूंच्या कात्रीनं काय कापलं होतं.

"केस कशी आली?"

"फवारणी करून आलता," ती म्हणाली. "पंप गळत होता. पाठ सारी ओली होती."

"मग काय केलंत?"

"पयले शर्ट काढला."

मेट्रनबाईंनी मान हलवली. ती सांगत राहिली. वही बंद करून, त्यांच्याकडे बघत. "थंड पडला होता, पण गोधडी टाकू देल्ली नाही कोणाले. सारं अंग साबणानं धुतलं, दोनदा. केस धुतले. डोळे पाह्यले, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालत्या. कुशीवर झोपवलं, लाळ पुसली. डॉक्टरनं सुई देल्ली. मी नाडी धरून बसून राह्यली."

"आणि शेवटी?"

"घरी गेला."

"कोणासोबत?"

"बायकोसोबत."

मी तिथं चार हातांवर उभी होते. थांबवू शकले असते. म्हणू शकले असते की हे खोटं आहे, सगळंच खोटं आहे, हिला बसू द्या. नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं की मी तीस मुलींचा विचार केला. तसं नाही. मला त्या पानाच्या खाली माझी सही दिसत होती, आणि मी फक्त त्या सहीचा विचार केला.

मेट्रनबाईंनी त्याच पानावर शेरा लिहिला, 'प्रशिक्षण समाधानकारक', सही केली, शिक्का मारला. दुपारी पाटोडीचा रस्सा आणि भरीत झालं. हात धुताना त्या मला म्हणाल्या, "पोरगी छान तयार केली हो तुम्ही. जिवंत केस डोळ्यांसमोर उभी केली." मी त्यांचे आभार मानले. आभार मानले मी!

तिच्याशी मी त्यावर बोलले नाही. ती हजेरीला 'हजर' म्हणत होती, मी तिचं नाव वाचताना मधला शब्द घाईनं उरकत होते. महिना दीड महिन्यानं मान्यतेचं पत्र आलं. अध्यक्षसाहेबांनी पेढे वाटले, बाबूंनी पत्राला काच बसवून आणली. मुली एकमेकींना मिठ्या मारत होत्या. त्याच दुपारी ती ऑफिसात आली. पेढा हातातच होता, खाल्लेला नव्हता.

"मॅडम, थे वही पाह्यजे होती. एक ओळ खोडाची हाये."

कुठली वही, हे मी विचारलं नाही. केसबुकं माझ्या मागच्या कपाटात होती. मी म्हणाले, "त्या पानावर समितीची सही आहे गं. उद्या कोणी पाहिलं, खाडाखोड दिसली, तर मान्यताच जाईल. तुमची परीक्षा आहे सगळ्यांची. तुझी आहे."

"मले माहीत हाये."

"मग?"

"फॉर्मवर मी विधवा हाओ. न् वहीत थो जित्ता हाये. दोन्हीवर तुमचाच शिक्का हाये, मॅडम."

कपाट उघडायला मी उठलेसुद्धा नाही. माझी भीती तिला दिसली असावी. तिनं काचेतल्या पत्राकडे पाहिलं आणि माझी समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली,

"राहू द्या मग. नका खोडू. एका तरी कागदावर घरी आला थो."

तिनं पेढा माझ्या टेबलावर ठेवला आणि वर्गात गेली. तिनं मला मोकळं केलं, असं समजून मला बरं वाटायला हवं होतं. मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. पुढचा तास माझाच होता. मी गेले नाही.