पिल्लाची आई बघून घे

आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. परीक्षेच्या पेपराबाहेर काही लिहायला बसलो की न विचारता कुणाच्या तरी खुर्चीवर बसल्यासारखं वाटतं. त्यात विषय कोंबडीच्या पिल्लांचा. ज्यांना कोंबड्यांतलं कळतं त्यांनी हसू नये आणि ज्यांना लिहिण्यातलं कळतं त्यांनी रागावू नये, एवढी आधीच विनंती. मला फक्त आईच्या खुराड्याबद्दल सांगायचं आहे. ते बेंगळुरूतून सांगावं लागतंय, कारण पिल्लं इथूनच गेली.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, अगदी शिवेला. आई लग्न होऊन आली तेव्हा आजीनं आंदणात भांड्यांबरोबर एक कोंबडी दिली होती. आमच्या दारात हिंडणाऱ्या सगळ्या कोंबड्या त्या एकीच्याच लेकी-नाती. आई त्यांच्याशी माहेरच्या माणसांसारखं बोलायची, म्हणजे भांडायचीही. मग मानमोडीची साथ आली आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं झालं. शेजारच्या काकूंनी बाजारातून दोन कोंबड्या आणून दिल्या. त्या अंडी द्यायच्या आणि उठून चालू पडायच्या. खुडूक एकही बसली नाही.

"अंडी घालत्यात, पर त्यावर बसायचं त्यांस्नी ठावंच न्हाई," आई फोनवर म्हणाली. "म्हंजे दर वर्षाला पिल्लं इकतच आणायची का रं? माझ्या दारात आता काय उपजायचंच न्हाई?"

मग ती म्हणाली, "तिकडं जुन्या जातीची पिल्लं मिळत्यात म्हनं. आण चार. पर पिल्लाची आई बघून घे."

हा तिचा नियम. वासरू घेताना ती हाच लावते, आणि माझ्या चुलतभावाला मुलगी बघायला गेली तेव्हाही तिनं हाच लावला होता.

मी इथे बेंगळुरूत हेब्बाळला एका मराठी बाईंच्या घरामागच्या खोलीत राहतो. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही. खोलीत बसून मी बरंच वाचलं. कुणी लिहिलं होतं हॅचरीतून घ्या, कुणी लिहिलं होतं घरी जात जपणाऱ्याकडून घ्या. मला दोघांचंही पटत होतं. ही माझी जुनी अडचण आहे.

आधी शहराबाहेरच्या एका हॅचरीत गेलो. सगळं स्वच्छ. दारात पाय बुडवायला औषधाचं पाणी, आत डब्यांमध्ये असील या जुन्या जातीची एका दिवसाची पिल्लं, मानमोडीची लस दिलेली. लस हा शब्द ऐकूनच माझा जीव भांड्यात पडला. तरी आईचा नियम आठवला आणि मी तिथल्या माणसाला चाचरत विचारलं, "भैया, इनकी माँ किधर है?"

त्यानं हातातला डबा खाली ठेवला. मग बाजूच्या कपाटाएवढ्या मशीनवर थाप मारून म्हणाला, "ये रही. दूर से देखो, आज ग़ुस्से में है."

सगळे हसले, मीही हसलो. मग त्यानं नीट समजावलं, की अंडी ज्या कोंबड्यांची ते शेड वेगळं आहे आणि रोगराई आत जाऊ नये म्हणून बाहेरच्या माणसाला तिथे सोडत नाहीत. ते बरोबरच होतं. मी सहा पिल्लं घेतली.

आईला फोनवर सांगितलं. "मशीन उबवंल की," ती म्हणाली. "पर लेकीस्नी शिकवंल काय?"

म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइटफील्डच्याही पुढे गेलो. तिथे एक नागपूरचे दादा राहतात. आठवडाभर कंपनीत कॉम्प्युटरवर काम आणि भाड्यानं घेतलेल्या तुकड्यावर असील कोंबड्या. त्यांनी पिल्लं दाखवायच्या आधी माझीच मुलाखत घेतली.

"कशाला हवीत? झुंजीला?"

"नाही हो दादा. आईला. ती म्हणालीय, पिल्लांची आई बघून घे."

"आई कापणार?"

"कोंबडा कापेल कधी. कोंबडी नाही."

"घार आहे का तिकडे? रात्री कोंडता की झाडावर झोपतात?"

"आई कोंडते."

"ओके, पास," ते म्हणाले आणि एक डालगं उचललं. खाली एक तांबडी कोंबडी पंख फुलवून बसली होती, तिच्या पोटाखालून पिल्लांची डोकी बाहेर येत होती. "हात पुढे कर."

मी केला. तिनं असं टोचलं की रक्त आलं.

"गुड," दादा म्हणाले. "ही यांची आई. आता सांग घरी, बघितली म्हणून."

हॅचरीचं सांगितल्यावर ते चिडले नाहीत. "माझं त्यांच्याशी भांडण नाही रे. खुडूक बसलेली कोंबडी तेवढे दिवस अंडी देत नाही. मग जास्त अंडी देणाऱ्याच पुढे ठेवत गेलं की बसणाऱ्या आपोआप मागे पडतात. सिंपल. तुझी मशीनवाली बसणार नाही. बसली तर फोन कर, मी केक पाठवतो." त्यांनी चारच पिल्लं दिली. पाचवं मागितलं तर म्हणाले, "तिला काय सांगू?" आणि डालगं पुन्हा ठेवलं.

खोलीत पुठ्ठ्याचा खोका, त्यात वर्तमानपत्र, वर बल्ब. अक्का शुद्ध शाकाहारी. त्यांच्या घरात अंड्याचं नावही निघत नाही. मला वाटलं होतं कळणार नाही. सकाळीच दार वाजलं.

"काय रे, चिमण्या शिरल्या काय खोलीत?"

मी दार अर्धं उघडलं. त्यांनी पूर्ण उघडलं.

"अय्यो! हे काय?"

"अक्का, आईसाठी आहेत. सुट्टी लागली की नेतो. खायची नाहीत, पाळायची आहेत."

"माझ्या घरात कोंबड्या! आमचे हे असते तर सामान बाहेर टाकलं असतं तुझं." हे म्हणत असताना त्या खाली वाकून बघत होत्या. "ते एक का बाजूला बसलंय?"

ते हॅचरीतलं होतं. त्याच्या उजव्या पायाचं एक बोट वाकडं होतं, बाकीची त्याला ढकलून खात होती.

"स्वल्प गूळपाणी देऊन बघ," अक्का म्हणाल्या. मग मला ते जमत नाही म्हणून स्वतःच खुर्ची ओढून बसल्या, पदर मांडीवर पसरला आणि ते पिल्लू त्यावर ठेवलं. "हात धुवायचे मग. दुसरं काय. सरी, बरं तर, आण चमचा."

त्यानंतर संध्याकाळी पूजा झाली की अक्का पोथी घेऊन मागच्या अंगणात खुर्चीवर येऊन बसायच्या आणि ते वाकड्या बोटाचं त्यांच्या पदरात शिरायचं. बाकीची किडे शोधायची, हे पोथी ऐकायचं. मी कॉलेजातून आलो की अक्का म्हणायच्या, "आज तुझ्यापेक्षा जास्त जेवली ती."

कुठलं पिल्लू कुठलं हे कळावं म्हणून मी दादांकडच्या चौघांच्या पायाला अक्कांच्या पूजेतला लाल दोरा बांधला होता. पाय वाढतात हे माझ्या लक्षातच आलं नाही. दोरे रुतायला लागले तेव्हा घाईघाईनं कापले, आणि मग मलाच ओळखेनात. ओळखू यायची ती एकच, वाकड्या बोटाची.

सुट्टीत दोन टोपल्यांत घालून गावी नेली. निघताना अक्कांनी टोपलीत मूठभर कण्या टाकल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, हिला ढकलतात सगळे. हिला वेगळं घाला." आईनं प्रत्येकाला उचलून डोळे बघितले, पंख उलगडून बघितले. वाकड्या बोटाचीला हातात जरा जास्त वेळ धरलं. "हिला माणसाची लई सवय लागलीया," ती म्हणाली. ते चांगलं की वाईट हे तिनं सांगितलं नाही.

मग मी परत आलो आणि वाट बघणं सुरू झालं. त्यांतले दोन-तीन कोंबडे निघाले, बाकीच्या अंड्यावर आल्या. आठवड्याला फोन, आणि दर फोनला मी एकच विचारायचो. "न्हाई अजून." एकदा एक तांबडी बसली. आईनं तिच्याखाली अंडी ठेवली. तिसऱ्या दिवशी गल्लीतलं कुत्रं भुंकलं, ती उठली ती परत बसलीच नाही. अंडी गार पडली. त्यानंतर आई कोंबड्यांचं बोलेना. माझ्या परीक्षेचं विचारायची, जेवणाचं विचारायची. मी खुराड्याचं काढलं की म्हणायची, "ऱ्हाऊ दे रं, अभ्यास कर." ती असं म्हणते तेव्हा तिनं आशा सोडलेली असते, हे मला माहीत आहे. अक्काही रोज विचारायच्या आणि मी मान हलवायचो. त्यांनी ती खुर्ची अंगणातून आत नेली नव्हती.

परवा कॉलेजातून येऊन मी फाटक लावत होतो तेव्हा आईचा फोन आला. ही तिची फोन करायची वेळ नव्हे. मी घाबरूनच उचलला. पलीकडून नुसता चिवचिवाट ऐकू येत होता. तिनं फोन खाली धरला होता.

"ऐकलास?" ती म्हणाली. "तुला सांगितलं न्हाई, पुन्हा मोडलं असतं तर म्हणून. बसली आन् हालली न्हाई. कुत्रं भुंकलं, मी हात घातला, तरी हालली न्हाई."

"कुठली, आई?"

"वाकड्या बोटाची. तुझ्या अक्कास्नी सांग, त्यांची लेक बाळंत झाली."