आप्पाच्या दारावरची गर्दी

शेवटच्या भेटीत उत्तमआप्पाने माझा हात घट्ट धरला, तेव्हा मला वाटलं, आता हा आमच्या शाळेपासूनच्या दोस्तीबद्दल काहीतरी बोलणार आणि मला रडावं लागणार. मी तयारीनेच गेलो होतो, रुमालही काढला. आप्पाने श्वास गोळा केला आणि म्हणाला, "भाऊ, मी गऊ का तो जुन्या वस्तू लेनारा सुरतवाला दारवर येई. पांढरी गाडी शे त्यानी. मन्ही एक बी वस्तू घरबाहेर जावाले नको. शब्द दे." मी शब्द दिला आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला... पुढच्या आठवड्यात आप्पा गेला.

लोणखेड्यातलं आप्पाचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या वस्तू सांगायला नकोत. पुढच्या खोलीत भिंतभर काचेची कपाटं. त्यात मोराच्या आकाराचे अडकित्ते, चुन्याच्या पितळी डब्या, मुठीएवढ्या किल्ल्यांची कुलपं, पानदानं, समया, कोण्या गावच्या पाटलाची चांदीच्या मुठीची काठी. पाहुणा आला की आप्पा त्याला आधी खोली दाखवी, मग पाणी विचारी. यातली एकही वस्तू त्याने विकत घेतलेली नव्हती आणि याचा त्याला केवढा अभिमान! "विकत तर कोनी बी लई," तो म्हणे, "मागता येवाले पायजे."

तर हे मागणं कसं चाले ते ऐका. आमच्याकडे कुणी गेलं की उत्तरकार्यापर्यंत लोक 'दारावर' येतात. पुरुष बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, बाया आत. बसायचं, दोन शब्द बोलायचे, उठायचं. दारावर आलेल्याला घरचे कशालाच नाही म्हणत नाहीत, दुःखाच्या घरात तेवढं बळच नसतं. आप्पाने ही फट हेरली होती. सकाळच्या चहाबरोबर तो पेपरातल्या निधनवार्ता वाचे, आणि शहाद्यापासून नवापूरपर्यंत जिथे जुनं घर, तिथे पांढरी टोपी घालून हजर. रडे तर असा की सख्खी मुलं ओशाळून त्याच्याकडे बघत. मग डोळे पुसत पुसत कोनाड्याकडे पाही आणि भरल्या गळ्याने म्हणे, "बाबांची आठवण म्हणून एखादी बारीकशी वस्तू... हा अडकित्ता चालेल." नाही कोण म्हणणार?

विमलवहिनींना तो प्रत्येक ठिकाणी बरोबर नेई. बाई आत बसते ना, म्हणजे आतलं तिला दिसतं! परतीच्या बसमध्ये पहिला प्रश्न, "माजघरमा काय देखं?" वहिनी खिडकीबाहेर बघत. मग आप्पा घर येईपर्यंत फुगून बसे. "इतली रडनी नि एक समई नही दखनी तुले?"

एकदा मीही त्याच्याबरोबर होतो. विसरवाडीजवळच्या एका पाड्यावर, ख्रिस्ती कोकणी आदिवासी घर. म्हातारा गेला होता. त्याची बायको आंधळी, दाराशी भिंतीला टेकून बसलेली. प्रार्थना झाली, चहा झाला आणि आप्पाने म्हाताऱ्याची चुन्याची डबी मागितली. मुलगा योहान गडबडला, पण पाहुण्याला नाही कसं म्हणावं? त्याने ती आणून दिली. आप्पाने नमुना पाहावा तशी ती दोनदा उघडली, मिटली. टक्‌, टक्‌. म्हातारीने चटकन मान वळवली आणि तिचा चेहरा असा काही खुलला... "आले का?" तिने विचारलं. आप्पाने डबी खिशात टाकली आणि बसमध्ये मला म्हणाला, "आवाज ऐकाना? अस्सल शे."

अशा माणसाला दिलेला शब्द पाळायला मी त्याच्या दारावर बसलो. फाटकाशी खुर्ची टाकून, पांढऱ्या गाडीवर डोळा ठेवून. दुसऱ्याच दिवशी ती आली. गुजरातची पाटी, आत जाडजूड माणूस. मी गाडीला आडवा गेलो. "लाज वाटत नाही? माणूस जाऊन दोन दिवस झाले नाहीत!" गाडीतला माणूस रडायला लागला. तो आप्पाचा व्याही निघाला, बारडोलीचा. त्याची समजूत घालण्यात माझी सकाळ गेली आणि तेवढ्यात खरी माणसं शांतपणे माझ्यासमोरून आत जाऊन बसली होती. त्यांच्याकडे गाड्या नव्हत्या. ती एसटीने आली होती.

मी आत गेलो तर प्रकाशा गावचे एक गुरुजी सतरंजीवर बसून डोळे पुसत होते. "आप्पांची आठवण म्हणून," ते म्हणाले, "तो मोराचा अडकित्ता." अडकित्ता त्यांच्याच वडिलांचा! शेजारचा कळंबूचा शेतकरी काठीकडे बघत होता, त्याच्या आजोबांच्या काठीकडे. आप्पाने साऱ्या जिल्ह्याला मागायचं कसं ते शिकवून ठेवलं होतं, वाक्यासकट, हुंदक्यासकट. मला हसू आवरेना. मयताच्या घरी हसू नये म्हणून मी तोच रुमाल काढून तोंडावर धरला, तर गुरुजी माझीच पाठ थोपटू लागले.

पण शब्द तो शब्द. मी वहिनींना बाजूला घेतलं. "वहिनी, आप्पाले मी शब्द देल शे. काही बाहेर जावाले नको."

"तुम्ही देल शे ना? माले कोनी इचारं?" वहिनींनी कपाटाची किल्ली कमरेतून काढली. "दरेक दारवर मी बठनू, भाऊ. तुमना दोस्त भाईर रडेत, मी आतमा मान खाले घालीसन बठू. बाया मन्हा हात धरीसन रडेत, आनि मी त्यास्ना भांडास्कडे देखू. आते नही." आणि त्यांनी कपाट उघडलं.

पुढचे दिवस काय वर्णावेत! तळोद्याहून लोक आले, अक्कलकुव्याहून आले. प्रत्येकजण आपापल्या बापाची वस्तू आप्पाची आठवण म्हणून घेऊन गेला. शेवटी योहान आईला हाताला धरून आला. वहिनींनी म्हातारीला कपाटापाशी नेलं आणि तिचा हात फळीवर ठेवला. तिने ही डबी चाचपली, ती चाचपली, एक उचलून कानाशी नेली, उघडली, मिटली. टक्‌. मग ती डबी तिने पोलक्यात टाकली आणि कोणाशी काही न बोलता दाराकडे निघाली. आप्पा जिवंत असता तर हे बघून पुन्हा मेला असता. आणि खोटं कशाला बोलू, मला ते बघायला फार आवडलं असतं.

उत्तरकार्याच्या दिवशी खोली रिकामी होती. काचा पुसलेल्या, आत काही नाही. पंगत उठली तशा वहिनी एकेकाला थांबवू लागल्या. "ह्यास्नी आठवन म्हनीसन काहीतरी लई जा." काहीतरी म्हणजे आप्पाच्या स्वतःच्या वस्तू. त्याच्या चपला, चष्मा, टोपी. लोक हात जोडत आणि चपला शोधू लागत, आपापल्या. पुतण्या म्हणाला, "काकू, आमना घर जागा नही." व्याही तर गाडीत जाऊन बसले. ज्याने सगळ्या जिल्ह्यातल्या मेलेल्यांच्या आठवणी मागून आणल्या, त्याची आठवण कोणाला फुकटसुद्धा नको होती.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी दारावर आलेला माणूस, पण मी मागितलं काहीच नव्हतं. त्या मोरीत गेल्या आणि एक हिरवा प्लास्टिकचा मग घेऊन आल्या, कान तुटलेला. तांब्याची घंगाळं कपाटात ठेवून आप्पा जन्मभर या मगाने अंघोळ करत होता. "लई जा भाऊ," त्या म्हणाल्या. आवाजात विनंती नव्हती.

तो मग आता नंदुरबारला माझ्या मोरीत आहे. बायको रोज म्हणते, फेका. मी फेकत नाही. घरी कोणी आलं आणि हात धुवायला मोरीत गेलं की मी बाहेर कान देऊन बसतो... बाहेर येऊन विचारील, भाऊ, हा कोणाचा? मी सांगेनही अगदी रंगवून, वाटल्यास रडेनही. अजून कोणी विचारलेलं नाही.