वळसा घालणाऱ्या रेघा

अमीन परकार मूळचा रत्नागिरीकडचा, पण ओमानमधल्या रुस्ताकच्या दगड कापायच्या कारखान्यात त्याला एकोणीस वर्षं झाली होती. नुसता हात फिरवून तो दगडाची जात सांगायचा.

२०१५ च्या हिवाळ्यात वैशाली कांबळे तिथे आली. राहायला मस्कतच्या अझैबा भागात, नोकरी तेल कंपनीत भूगर्भशास्त्रज्ञाची. आली होती स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी दगड निवडायला, आणि रेंगाळली कोपऱ्यातल्या एका लादीपाशी. करड्या चुनखडकात प्रवाळाची अख्खी वसाहत दगड होऊन बसलेली, आणि तिच्यात मोहरीएवढी गोल भोकं.

"गिऱ्हाइकाने परत पाठवली," अमीन म्हणाला. "म्हणे, किडका दगड."

वैशालीला हसू आलं. "कीडच आहे ती, अमीनभाई. पंचवीसेक कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. प्रवाळ मेल्यावर कुठल्यातरी किड्याने पोखरला असणार."

अमीनने लादीवर पाणी मारलं. ओल्या दगडात प्रवाळाच्या वाढीच्या बारीक रेघा उमटल्या.

"नाही मॅडम. पोखरलं असतं तर रेघा तुटल्या असत्या. मी रोज भोकं पाडतो. इथे बघा, रेघ भोकापाशी येते आणि वळसा घालून पुढे जाते."

वैशालीने पर्समधून भिंग काढलं आणि ती बराच वेळ लादीवर वाकून राहिली. मग म्हणाली, "उभी कापून द्याल?"

अमीनने कटर लावला. आत लांबच लांब नळ्या निघाल्या. प्रवाळ जसा वाढला, तशा त्याही वर चढत गेलेल्या.

"तुमचंच खरं," वैशाली आनंदाने म्हणाली. "दोघं जिवंतपणीच एकत्र राहत होते!"

"त्यात कोणाचा फायदा?"

"किड्याला घर मिळालं. प्रवाळाला काय मिळालं, सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही."

"माझी बहीण साबेरा आमच्याकडे राहते," अमीन म्हणाला. "माझी बायको सकिनासुद्धा हेच म्हणते."

दोघंही खो खो हसली.

वर्षभराने मस्कतमधल्या एका परिषदेत वैशालीने ही लादी दाखवली आणि अमीनला हट्टाने बोलावून घेतलं. "हे आधी कोणाच्या लक्षात आलं?" एका प्राध्यापकांनी विचारलं. तिने मागच्या रांगेकडे बोट केलं. इस्त्रीच्या शर्टातला अमीन उठला आणि हिंदीत असा काही रंगला की भाषांतर करता करता वैशालीची दमछाक झाली.

जेवणाच्या सुट्टीत त्याने सकिनाला फोन लावला.

"मला उशीर होईल गं. इथे लोक पिशवीतून आपापले दगड काढून मला दाखवतायत."