मधल्याले फोडा

अनसिंगात राहून सैफुद्दीन सरांचा आवाज ऐकला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. सर घरच्या ओसरीत दहावीच्या पोरांना बीजगणित शिकवायचे आणि अख्खी गल्ली शिकायची. भाजी निवडणाऱ्या बाया, ओट्यावरचे म्हातारे, गिरणीवर दळण घेऊन थांबलेली माणसं, सगळ्यांच्या कानात एकच गजर: "शेवटच्याचा गुणाकार, मधल्याची बेरीज, जोडी सापडली का मधल्याले फोडा!" वर्गसमीकरणाचे अवयव पाडायची ही सरांची युक्ती. वरात चौकात अडली तरी एखादा वात्रट पोट्टा मागून ओरडायचा, "अरे, मधल्याले फोडा!" सरही वरातीत असले तर सगळ्यात मोठ्यानं तेच हसायचे.

आणि त्या गळ्यालाच दृष्ट लागली म्हणा. आधी घसा बसला. सरांनी हळद-मीठ-पाण्यावर भागवलं. बिडी मात्र सुटली नाही, हे इथं सांगितलंच पाहिजे, नाहीतर सरांची बायको सुगराबी आपल्याला खोटं पाडेल. शेवटी नागपूरला नेलं, गाठ निघाली, आणि गाठीसोबत स्वरयंत्रही गेलं. आता श्वास गळ्याच्या भोकातून. त्यावर सुगराबीनं शिवलेला पांढरा मलमलीचा तुकडा.

जीव वाचला याबद्दल सरांचं मन कृतज्ञतेनं भरून यायचं. डॉक्टर, परिचारिका, रक्त द्यायला वाशिमहून धावत आलेला त्यांचा जुना विद्यार्थी मुन्ना, एकेकाचं नाव घेऊन ते नमाजानंतर शुक्र मानायचे. पण एका ठिकाणी त्यांचं शुक्र अडायचं. या माणसाला दुसरं काही येत नव्हतं हो! ना शेत, ना दुकान. शिकवणं हेच खाणं, हेच पिणं. मुका मास्तर कोणाच्या कामाचा? वर्ग आता बंद, असं त्यांनी मनात पक्कं करून टाकलं होतं.

अशातच एक दिवस उकंडराव आले. पिकलेल्या मिशांचे, सरळ बोलणारे शेतकरी. त्यांची नात राखी सरांच्या वर्गात होती.

"सर, परीक्षा तोंडावर आली. पोट्टे वाऱ्यावर हायत. तुमी नुसते फळ्यापाशी उभे राहा."

सरांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'नुसता उभा राहून काय करू?'

उकंडरावांना चष्म्याशिवाय वाचता येईना. पाटी सुगराबीनं वाचली आणि उत्तरही तिनंच देऊन टाकलं. "उद्यापासून पाठवा म्हनतात मास्तर."

सरांनी डोळे वटारले. आता आवाज नाही तर डोळ्यांना कोण घाबरतं!

दुसऱ्या दिवशी ओसरी भरली. एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, सरांना राग आला तरी चालेल. सरांच्या वर्गात आजवर सरांखेरीज कोणी बोललंच नव्हतं. प्रश्न तेच विचारायचे, "सांगा, कोनती जोडी?" आणि पोरांनी श्वास घेईपर्यंत उत्तरही तेच द्यायचे. पोरं माना डोलवायची. सर खूश, पोरं खूश.

सरांनी फळ्यावर सोपं समीकरण लिहिलं, x² + 7x + 12 = 0. पोरांनी चालीत म्हटलं, "तीन आन् चार!" आणि घडाघडा सोडवलं. सरांना बरं वाटलं. मग त्यांनी जरा वेगळं लिहिलं: (x − 2)(x − 3) = 12.

पुढं बसलेला उत्कर्ष टुणकन उठला. "सर, हे तं आधीच फोडलेलं हाय! x वजा दोन बरोबर बारा, म्हंजे चौदा. x वजा तीन बरोबर बारा, म्हंजे पंधरा. झालं!"

सगळ्या वर्गानं माना डोलवल्या. सरांनी कपाळाला हात लावला. चुकलं म्हणून नव्हे, पोरं चुकायचीच. पण हे सगळेच्या सगळे एका सुरात चुकत होते. हा कंस शून्य, तो कंस शून्य, ही शेवटची ओळ सर इतकी वर्षं ठणकावत आले होते, आणि पोरांनी तिच्यातली नुसती चाल उचलली होती. शून्याच्या जागी बारा आले तर यांना काही फरकच पडत नव्हता.

सरांनी जोरजोरात मान हलवली. पोरांना कळेना. मग सरांनी खिशातून दवाखान्यानं दिलेलं बोलायचं यंत्र काढलं, गळ्याला लावलं आणि 'शून्य' म्हणायचा प्रयत्न केला. मिक्सरमध्ये चमचा राहून जावा तसा खरखराट झाला. उत्कर्षला हसू फुटलं. वाईट पोरगा नव्हता तो, पण हसू काय विचारून येतं? एक हसला म्हणून सगळे हसले.

सरांनी यंत्र खिशात घातलं, खडू ठेवला आणि पडदा सारून आत गेले. खाटेवर बसून पाटीवर एकच शब्द लिहिला, 'संपलं.'

सुगराबीनं वाचलं. पण बाई वस्ताद. "या अल्ला! नागपूरले मरनाच्या दारातून परत आले तवा संपलं नाई म्हने, आन् पोट्टे हसले तं संपलं? आजवर तुमी किती जनाईले हसले त्याचा हिशेब लावू का, मास्तर?"

सरांनी तोंड फिरवलं. आणि तेवढ्यात बाहेर भांडण जुंपल्याचा आवाज आला.

"हसून काय राह्यले बे! लाज वाटते का?" ही राखी. "सरनं मान कायले हालवली थे पाहा न आधी. चौदा टाकून पाहा."

"चौदातून दोन गेले, बारा. बरोबर तं हाय!" उत्कर्ष म्हणाला.

"आन् दुसऱ्या कंसात? चौदातून तीन गेले, अकरा. बारा अकरे किती?"

वह्यांवर भराभर गुणाकार मांडले गेले. मग एकदम गलका. "एकशे बत्तीस! अरे, बाराचे एकशे बत्तीस झाले!"

"मंग शून्य असलं का जमते, आन् बारा असले का नाई जमत, असं काहून?"

सर खाटेवरून उठलेच. काहून! हा 'का'चा प्रश्न या ओसरीत आजवर कोणी विचारला नव्हता. विचारणार कसा? सरांच्या बोलण्यात सुई शिरायला जागा असायची तर ना! पडद्याआड उभे राहून त्यांनी सगळा गोंधळ ऐकला. पोरं एकमेकांना वेड्यात काढत होती, खोडत होती, पुन्हा मांडत होती. इतका गोड कालवा त्यांनी कधी ऐकला नव्हता.

ते बाहेर आले तशी पोरं भराभर जागेवर बसली. उत्कर्ष कान पकडून उभा राहिला. सरांनी त्याला हातानंच खाली बसवलं आणि फळ्यावर मोठे बारा लिहिले. मग दोन्ही मुठी आवळून पोरांपुढं धरल्या आणि भुवया उंचावल्या.

"दोन मुठी, गुनाकार बारा," राखी हळू म्हणाली. "तीन चोक."

"बे सक!"

"बारा एके!"

"अर्धा गुनिले चोवीस बी होते!" मागून कोणीतरी ओरडलं.

सरांनी खांदे उडवले. म्हणजे एवढ्या जोड्यांतून नेमकी कोणती समजायची? मग बारा पुसून तिथं शून्य लिहिलं आणि मुठी पुन्हा पुढं धरल्या. ओठांवर आलेलं उत्तर बाहेर पडत नव्हतं, आणि ते पडत नाही याबद्दल सरांना आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. ते थांबले.

आणि उत्कर्ष बोलला, तोच हसणारा उत्कर्ष. "बाराले लय वाटा हायत. पन शून्याले... दोन्ही मुठीत काई ना काई असन, तं गुनाकार शून्य येनच नाई. एक मूठ तं रिकामी पाह्यजेच!"

सरांनी उजवी मूठ उघडली. रिकामी. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मग काय विचारता! बारा डावीकडं आणायचे हे पोरांनीच ठरवलं. कंस उघडले, सहातून बारा गेले, x² − 5x − 6 = 0 झालं. कोणी 'दोन आन् तीन' म्हटलं, तर सरांनी सहाच्या मागच्या वजा चिन्हावर बोट टेकवलं, एवढंच. वाद घालत घालत 'वजा सहा आन् अधिक एक' अशी जोडी सापडली. x बरोबर सहा, नाहीतर वजा एक. दोन्ही टाकून पाहिले. चार त्रिक बारा. वजा तीन गुणिले वजा चार, पुन्हा बारा! सर फळ्याशेजारी भिंतीला टेकून उभे होते आणि मनात नुसतं शुक्र, शुक्र, शुक्र चाललं होतं. डॉक्टरांचं नाव घेऊन झालं होतं. आता या पोरांचं एकेकाचं घेत होते.

अंधार पडायच्या आत उकंडराव नातीला न्यायला आले. दारातूनच विचारलं, "काय शिकवलं व सरनं आज?"

राखी अजून गणिताच्याच धुंदीत होती. बोलून गेली, "सरनं काई नाई शिकवलं, आबा. आमीच केलं सारं."

आणि लगेच जीभ चावली. उकंडरावांचा चेहरा पडला.

सरांचे डोळे मात्र भरून आले होते. शिकवणाऱ्याला याहून मोठं काय ऐकायला मिळतं? ते दोन पावलं पुढं आले आणि त्या एवढ्याशा पोरीसमोर त्यांनी चक्क हात जोडले.

"सर, असं नका करू न!" राखी रडवेली झाली. तिला काही सुचेना. दप्तराचा बंद पिळत तिनं विचारलं, "उद्या... उद्या कितीले येऊ आमी?"

सरांनी डोळे पुसले आणि हाताची पाचही बोटं उघडून दाखवली.