महिन्याचं दळण

मी अक्षरं पत्रकांवर शिकले. वडील मोर्चाहून परतले की पिशवीत उरलेली पत्रकं असायची, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गिरवायचे. काही पटलं की आधी छापायचं आणि मग करून बघायचं, ही खोड तिथलीच.

गेल्या हिवाळ्यात मी पत्रक काढलं: ‘एक महिना तयार खाण्याचं पाकीट फोडणार नाही! धान्य, भाजी, दूध. खरं अन्न गरिबालाही परवडतं. हरले तर हे पत्रक सगळ्यांसमोर फाडेन.’ आमच्या इमारतीच्या जिन्यात चिकटवलं, मंडईत वाटलं.

पहिले दिवस काय सांगू! सकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, डोळ्यांदेखत म्हैस पिळून मिळणारं फेसाळ दूध. दुपारी शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी, मेथी, मिरचीचा खर्डा, कच्चा कांदा. पोट भरायचं आणि पैसेही उरायचे. रस्त्यानं चालताना घोषणा द्यावीशी वाटायची.

अकराव्या दिवशी भाकरी तुटली. थापली की कडेला चिरा, उचलली की दोन तुकडे. दुसरी तशीच, तिसरी तशीच.

माझ्या खोलीत राहणारी जयसिंगपूरची मैत्रीण बिस्किटाचा पुडा नाचवत दारात उभी. “फाड की गं आता पत्रक! का पुडा फोडू?”

“खड्ड्यात गेला तुझा पुडा!”

उपाशीच मंडईत गेले. कागलहून भाजी आणणाऱ्या मावशी माझ्याच पत्रकात कुणाला तरी मिरच्या बांधून देत होत्या.

“मावशी, भाकरी तुटतीय.”

“दळण कवाचं हाय?”

गिरणीच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून महिन्याचं एकदम दळलंय, मी ऐटीत सांगितलं. त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारचा लसूणवाला वळला.

“अगं बाई! शाळूचं पीठ महिनाभर ठेवत्यात व्हय? विरी गेली त्याची, चिकटपणाच न्हाय उरला. एवढं छापलंस, कुणाला इचारलं न्हाईस?”

माझे कान तापले. “मग टाकून देऊ?” उरलेल्या पैशांत दुसरं धान्य बसत नव्हतं. पीठ गेलं की पत्रक गेलं.

“टाकतीस कशाला? पाणी खळखळ उकळ, त्यात पीठ घाल, झाक. गरम हाय तवरच मळ. आन् म्होरल्या खेपंला आठ दिसांचंच दळ.”

मी धावतच खोलीवर आले. हात पोळले, तरी मळलं. थापली. श्वास रोखून उचलली. अख्खी! तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, शेकली आणि भाकरी टम्म फुगली. मी अशी ओरडले की वरच्या मजल्यावरच्या मुली खाली आल्या. पहिली भाकरी मला मिळालीच नाही. मैत्रिणीनं पुडा खिडकीत ठेवला आणि विचारलं, “खर्डा हाय काय गं?”

महिना मी पुरा केला. पण त्या दुपारीच जिन्यातल्या पत्रकाखाली पेनानं लिहिलं: ‘दुरुस्ती. शाळू एकदम महिन्याचा दळू नये. हे मला छापल्यावर कळलं.’ मग मंडईत जाऊन मावशींच्या टोपलीतली उरलेली पत्रकं घेतली आणि तिथंच बसून एकेकावर तेच लिहू लागले.

“लिही, लिही,” मावशी म्हणाल्या, “पर बिगी बिगी लिही. मिरच्या बांधायच्यात.”